साधा मजकूर – पण कुणासाठी साधा?

मित्रांनो, सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलवर सगळ्यात मोठा माणूस कोण? रेक्टर? छे! टॉपर? तोही नाही. ज्याच्या खोलीत चालू स्थितीतला प्रिंटर असतो, तो! त्या आठवड्यात मेसमध्ये त्याची जागा धरून ठेवली जाते, त्याच्या चहाचे पैसे दुसराच कुणीतरी देतो आणि एरवी त्याच्याशी न बोलणारी मंडळीही "काय राजे, झोप झाली का?" म्हणून विचारपूस करतात. कार्ट्रिज संपलं की राजेपण संपलं, तो भाग वेगळा.

पण एवढं सगळं ज्या यंत्राभोवती चालतं, त्याच्यात अक्षरं येतात कुठून, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? "कंट्रोल-पी दाबलं की येतात" हे उत्तर घरच्यांनी दिलं तर ठीक आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला बसलेल्याने दिलं तर एक्स्टर्नलने काय करावं?

या लेखात मला एकच मुद्दा मांडायचाय. कॉलेज सोडण्यापूर्वी आपल्यापैकी प्रत्येकाने, इलेक्ट्रॉनिक्सवाला असो, इन्स्ट्रुमेंटेशनवाला असो की कॉम्प्युटरवाला, एकदा तरी मायक्रोकंट्रोलरला थेट प्रिंटर जोडून कागदावर मजकूर छापावा. मध्ये कॉम्प्युटर नाही, ड्रायव्हरची सीडी नाही, डाउनलोड नाही. आणि तो मजकूर मराठीत छापावा. यातला पहिला अर्धा भाग एका दुपारचा आहे. दुसऱ्या अर्ध्या भागाला दोन-तीन आठवडे जातात, आणि ते का जातात हे कळणं हाच या उद्योगातला खरा अभ्यास आहे.

आधी सोपा भाग. १९७० साली अमेरिकेत सेंट्रॉनिक्स नावाच्या कंपनीने एक ठिपक्यांचा प्रिंटर आणला आणि त्याला जोडायची जी तऱ्हा ठरवली, ती पुढे जगभर रुळली. तिचा तो छत्तीस पिनांचा रुंद कनेक्टर का निवडला, तर म्हणे वाँग कंपनीकडे तसले कनेक्टर शिल्लक पडले होते. (लॅमिंग्टन रोडला जाऊन 'जे मिळेल त्यात बसवू' म्हणणाऱ्या आपल्या तमाम प्रोजेक्ट-बंधूंना हे वाचून धीर येईल!) त्याच सुमारास जपानमध्ये एक छोटा प्रिंटर खपत होता, ईपी-१०१. त्याच्या पुढच्या पिढीला 'ईपीचा मुलगा' या अर्थाने नाव मिळालं एप्सन. या एप्सनने प्रिंटरला हुकूम द्यायची जी भाषा बनवली, तिचा आधार आजही बँकेच्या पासबुकाच्या आणि दुकानाच्या पावतीच्या प्रिंटरांना आहे.

कॉम्प्युटरच्या मागच्या पंचवीस पिनांच्या पोर्टावर हिशोब असा : पिन २ ते ९ या आठ तारांवर अक्षराचा कोड ठेवायचा. पिन ११ वर प्रिंटर 'मी कामात आहे' असं सांगतो, ती खाली येईपर्यंत थांबायचं. मग पिन १, म्हणजे स्ट्रोब, क्षणभर खाली ओढून परत वर सोडायची. निदान अर्धा मायक्रोसेकंद ती खाली राहायला हवी. आपला बारा मेगाहर्ट्झवरचा ८०५१ एक बिट खाली करून लगेच वर करतो त्यात एक मायक्रोसेकंद जातोच, म्हणजे वेगळा डिले लिहायचीही गरज नाही. इंग्रजी 'ए'चा कोड ६५. तारांवर ६५ ठेवा, स्ट्रोब द्या, 'ए' प्रिंटरमध्ये गेला. १३ पाठवला की डोकं डावीकडे परत येतं, १० पाठवला की कागद एक ओळ वर सरकतो, १२ पाठवला की पान बाहेर. झालं! आठ तारा, दोन सिग्नल आणि ग्राउंड. चार पोर्टांपैकी एक पूर्ण आणि दुसऱ्याच्या दोन पिना.

सिरियल प्रिंटर असेल तर तारा आणखी कमी. ९६०० बॉडवर सेकंदाला ९६० अक्षरं जातात. ठिपक्यांच्या प्रिंटरला सेकंदाला तीन-साडेतीनशे अक्षरं छापतानाच धाप लागते. त्यामुळे 'थांब' म्हणण्याची सोय इथेही लागते, नाहीतर मधली अक्षरं गडप होतात. मेसच्या खिडकीसारखंच आहे हे. आतला पोळ्या लाटतोय त्यापेक्षा बाहेरचे जास्त वेगाने ताटं पुढे करायला लागले, की कुणीतरी उपाशी राहतो आणि कोण राहिलं ते कळतही नाही.

"पण आता हे पोर्ट राहिलंय कुठे? सगळं यूएसबी झालं," असं कुणी म्हणेल. खरंय. पण यूएसबीमुळेच एक गोष्ट उघड झाली. घरगुती स्वस्त प्रिंटरांपैकी बऱ्याच जणांना 'ए' म्हणजे काय हेच ठाऊक नसतं! पानाचं चित्र कॉम्प्युटर बनवतो आणि प्रिंटर फक्त ठिपके शाईने भरतो. अशा प्रिंटरला तुम्ही ६५ पाठवलात तर तो ढिम्म बसून राहतो. उलट लॅबमधले बरेचसे नेटवर्क प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या पोर्टावर साधा मजकूर आनंदाने घेतात. ईएसपी३२ सारख्या एखाद्या चिपने वायफायवरून ओळ पाठवली की काम होतं. फक्त शेवटी १२ पाठवायला विसरू नका. पानाचा प्रिंटर पान भरेपर्यंत मजकूर पोटात ठेवतो, आणि आपण मात्र सर्किटच्या तारा हलवत बसतो. एप्सनच्या एलएक्स-३१० सारख्या ठिपक्यांच्या प्रिंटरला समांतर, सिरियल आणि यूएसबी अशा तिन्ही जोडण्या आहेत, तेव्हा 'जुनं गेलं' म्हणायची घाई नको.

एवढी उठाठेव कशासाठी, असा प्रश्न आता येणारच. आपले निम्मे मिनी-प्रोजेक्ट सोळा-बाय-दोनच्या एलसीडीवर जाऊन संपतात. तापमान दिसलं, टाळ्या पडल्या, सप्लाय काढला, तापमान गेलं. कागदाचं तसं नाही. यंत्राने कागदावर छापलं की ते दुसऱ्याच्या हातात जातं, खिशात जातं, घरी जातं, उद्या भांडणाच्या वेळी पुढे येतं. यंत्राने काय केलं याची माणसाकडे राहणारी प्रत म्हणजे तो कागद. बसमधल्या कंडक्टरच्या हातातलं यंत्र, पेट्रोल पंपाची पावती, वेब्रिजची चिठ्ठी, सोनाराचा काटा, पॅथॉलॉजी लॅबमधला ॲनलायझर, या सगळ्यांच्या आत एक छोटी चिप छोट्या प्रिंटरशी परस्पर बोलत असते.

यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे मतदान यंत्राला जोडलेलं व्हीव्हीपॅट. ते पहिल्यांदा वापरलं गेलं सप्टेंबर २०१३ मध्ये, नागालँडमधल्या नोकसेन मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ते देशभर सगळ्या मतदान केंद्रांवर होतं. बटण दाबलं की चिठ्ठी छापली जाते, काचेमागे सात सेकंद दिसते आणि बंद पेटीत पडते. त्या सात सेकंदांवरून देशात किती वाद झाले, कोर्टात किती खटले गेले ते आपण वाचलंय. त्या वादात इथे शिरायचं नाही. फक्त एवढंच लक्षात घ्या, की देशाने यंत्रावरचा विश्वास तपासायला शेवटी मागितलं काय, तर कागदाची एक चिठ्ठी. आणि त्या चिठ्ठीवर उमेदवाराच्या नावाबरोबर चिन्हही छापावं लागतं, कारण मतदाराला वाचता आलं नाही तरी ओळखता यायला हवं. चिठ्ठी ज्याच्यासाठी आहे त्याला ती समजली पाहिजे, हे तत्त्व तिथे मान्य झालेलं आहे.

आता मी जिथे राहतो तिथलं सांगतो. मी प्रभादेवीचा. (हॉस्टेलवाल्यांनी 'डे-स्कॉलर' म्हणून नाक मुरडू नये, माझी अर्धी जेवणं तुमच्याच मेसमध्ये होतात.) प्रभादेवी म्हटलं की लोकांना सिद्धिविनायकाची मंगळवारची रांग आठवते, नाहीतर सयानी रोडवरचं रवींद्र नाट्य मंदिर. गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर तर लांबूनच दिसतात. त्या टॉवरांच्या अधेमधे जुने गाळे अजून आहेत. तिथे बाइंडिंग चालतं, पॅकिंग चालतं, छोटे सुटे भाग बनतात. अशाच एका गाळ्यात, नाव काही सांगत नाही, आमच्या चाळीतल्या एक मावशी पॅकिंगचं काम करतात. मजुरी नगावर. किती नग भरले हे मोजायला मालकांनी मोजणीचा वजनकाटा आणला. एका नगाचं वजन एकदा दाखवलं, की तो टोपलीतल्या मालावरून नग काढतो आणि शेजारचा प्रिंटर चिठ्ठी फाडून देतो.

यंत्र चांगलं, मालकही सरळ माणूस. पण चिठ्ठीवर सगळं इंग्रजी, तेही तुटक. नगासाठी तीन अक्षरं, एकूण बेरजेसाठी तीन, टोपलीच्या वजनासाठी चार. मावशी सातवी शिकलेल्या, 'लोकसत्ता' पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. इंग्रजी आकडेही त्यांना कळतात. पण चिठ्ठीवर चार आकडे, त्यातला आपला कुठला? म्हणून त्या घरी येऊन एका वहीत स्वतःचा हिशोब लिहायच्या आणि चिठ्ठी माझ्यापुढे धरायच्या. "ह्यात माझं किती, ते सांग ना रे." आठवड्यातून दोनदा तरी. 'आकडे तर सगळ्यांना समजतात, भाषेचं काय एवढं' असं म्हणणाऱ्यांनी हे नीट बघावं. कुठला आकडा कशाचा, हे सांगणारा शब्द वाचता आला नाही तर आकडा वाचता येऊन उपयोग नाही. यंत्राने दिलेला पुरावा त्यांच्या हातात होता, पण तो वाचायला दुसरा माणूस लागत होता. मग तो पुरावा कुणाचा?

काटा बनवणाऱ्याने मराठी का दिलं नाही? त्याला मराठीचं वावडं होतं असं नाही. त्याच्या प्रिंटरला इंग्रजी फुकट येत होतं, इतकंच. प्रिंटरच्या रॉममध्ये १२८ कोडांची यादी, म्हणजे आस्की, आधीच भरलेली असते. ही यादी १९६३ सालची, अमेरिकेतली. प्रत्येक कोडासमोर त्या अक्षराचे ठिपके तयार. यालाच आपण 'प्लेन टेक्स्ट', साधा मजकूर म्हणतो. तो साधा आहे, कारण त्याच्यासाठी लागणारी सगळी मेहनत दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी लिपीसाठी, आधीच करून ठेवलेली आहे.

मराठी पाठवून बघा म्हणजे कळेल. 'प्रभादेवी' हाच शब्द घ्या. रोमन लिपीत दहा अक्षरं, दहा बाइट. मराठीत डोळ्यांना दिसतात चार अक्षरं : प्र, भा, दे, वी. युनिकोडात त्याचे होतात नऊ कोड, कारण प, हलन्त आणि र वेगळे, काना-मात्रा-वेलांटी वेगळ्या. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक कोडाला तीन बाइट, म्हणजे तारेवरून जातात सत्तावीस. हे सत्तावीस बाइट साध्या प्रिंटरला दिले तर तो बिचारा प्रामाणिकपणे सत्तावीस चिन्हं छापतो! प्रत्येक तिकडीतला पहिला बाइट जुन्या आयबीएम तक्त्याप्रमाणे ग्रीक अल्फा होतो, दुसरा होतो डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश 'एन', आणि तिसऱ्या जागी काय वाटेल ते. अल्फा-एन-काहीतरी, अल्फा-एन-काहीतरी, असं नऊ वेळा. आमच्या प्रोजेक्ट पार्टनरला हे आधी कुठलातरी फिजिक्सचा फॉर्म्युला वाटला होता.

हा झगडा कॉम्प्युटरपेक्षा जुना आहे, आणि तो आपल्याच शहरात झालेला आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. दगडावर अक्षरं काढायची आणि दगडाचा ठसा घ्यायचा, म्हणजे मजकूर चित्र म्हणून छापायचा. शिशाचे खिळे त्यांनी पुढे केले. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे तर देशभर नावाजले. मुंबईच्या छापखान्यांत 'डिग्री' नावाची जुळणीची पद्धत होती. त्यात अक्षराचं मधलं अंग वेगळं, वरच्या मात्रा, रफार, अनुस्वार वेगळे आणि खालचे उकार वेगळे, असे तीन थर जुळवून एक ओळ व्हायची. आज तुम्ही नऊ सुयांच्या प्रिंटरवर देवनागरी छापायला बसलात की तुमचीही गत तीच. डोक्याची उंची एका इंग्रजी अक्षराला पुरते. मात्रा, मधलं अंग, उकार यांसाठी डोकं तीनदा फिरवावं लागतं, आणि मधे कागद बरोबर आठ-बहात्तरांश इंच सरकवावा लागतो, नाहीतर मात्रा हवेत आणि अक्षर जमिनीवर. कंपॉझिटरने हाताने जे केलं ते आपण लूपमध्ये करतो.

कॉम्प्युटरच्या जमान्यातही आपली माणसं गप्प बसलेली नव्हती. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) वाढवलं. डॉसवर चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये जिस्ट कार्ड बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. १९९१ साली इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाण ठरलं. म्हणजे वाट पाडून ठेवलेली आहे. ती वाट काट्याच्या प्रिंटरपर्यंत आणायचं काम मात्र कुणी अंगावर घेतलं नाही, कारण तिथे कॉम्प्युटरच नव्हता. तिथे होता एक छोटा कंट्रोलर, आणि छोट्या कंट्रोलरबद्दल आपल्याकडे ठरलेलं वाक्य आहे : "त्यात मराठी बसत नाही हो."

बसत नाही? चला, मोजू. पावतीचा ५८ मिलिमीटर रुंदीचा थर्मल प्रिंटर एका आडव्या रेषेत ३८४ ठिपके छापतो, म्हणजे ४८ बाइट. चार मिलिमीटर उंचीचं, चष्म्याशिवायही दिसेल असं अक्षर हवं तर ३२ रेषा. मावशींच्या चिठ्ठीला शब्द लागतात तीनच : 'चिठ्ठी क्र.', 'नग' आणि 'एकूण'. प्रत्येकाला ९६ ठिपके रुंदी धरली तर १२ गुणिले ३२, म्हणजे ३८४ बाइट. तिन्ही मिळून ११५२. शून्य ते नऊ हे मराठी आकडे १६ ठिपके रुंदीचे, प्रत्येकी ६४ बाइट, दहांचे ६४०. बेरीज १७९२ बाइट. आपल्या लॅबमधल्या साध्यातल्या साध्या एटी८९सी५१ मध्ये प्रोग्रॅमसाठी जागा असते ४०९६ बाइट. म्हणजे सगळी मराठी भरून २३०४ बाइट उरतात, आणि हा प्रोग्रॅम त्यात पाय पसरून झोपतो.

"रॅम फक्त १२८ बाइट, चित्र ठेवणार कुठे?" हा पुढचा प्रश्न. उत्तर असं, की चित्र ठेवायचंच नाही. एक रेषा घ्यायची, तिच्यासाठी शब्दाचे १२ बाइट रॉममधून उचलून पाठवायचे, मग प्रत्येक आकड्याचे दोन-दोन, उरलेल्या जागी शून्य, की पुढची रेषा. पूर्ण ओळीचे १५३६ बाइट ९६०० बॉडवर १.६ सेकंदांत जातात. तीन ओळींची चिठ्ठी पाच सेकंदांच्या आत. ८०५१ ला सिरियल पोर्ट एकच असतो, पण त्याच्या आत येणाऱ्या पिनेला काटा आणि बाहेर जाणाऱ्या पिनेला प्रिंटर जोडला की एकाच पोर्टात दोघांचं भागतं, फक्त दोघांचा बॉड रेट सारखा हवा.

आम्ही तिघांनी हे केलं. मालकांना विचारून, काटा आणि प्रिंटरच्या मधे आमचा डबा बसवला. काटा इंग्रजी बोलतो, डबा आकडे टिपतो, प्रिंटर मराठी छापतो. पहिली चिठ्ठी मावशींनी हातात घेतली, 'एकूण'वर बोट ठेवलं, वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिलं. जुळलं. आभार वगैरे काही नाही, चिठ्ठी वहीत घालून त्या कामाला लागल्या. वही त्यांनी अजून बंद केलेली नाही. यंत्रावर विश्वास आहे, पण तपासणं सोडायचं नाही, हा धडा आम्हाला कुठल्या टेक्स्टबुकात मिळाला नसता. माझ्याकडे येणं मात्र बंद झालं. खरं सांगायचं तर त्यातच आमच्या प्रोजेक्टचे सगळे मार्क आले.

आता या पद्धतीच्या मर्यादाही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. शब्दांची चित्रं साठवणं ठरावीक मजकुरालाच चालतं. जुलै २०१८ मध्ये आमच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. ज्या यंत्रात नाव चित्र म्हणून असेल तिथे असा बदल म्हणजे नवं चित्र काढून नवा प्रोग्रॅम भरणं. कुणाचंही नाव, कुठलंही गाव छापायचं तर यंत्राला जोडाक्षरं जुळवता आली पाहिजेत, ऱ्हस्व वेलांटी कोडात नंतर येते पण कागदावर आधी काढायची हे कळलं पाहिजे. त्याला मोठी चिप लागते. पण मोठी चिप आता काही दुर्मीळ राहिलेली नाही, ती आपल्या पहिल्या वर्षाच्या पोरांच्या दप्तरातही असते. दुसरी मर्यादा थर्मल कागदाची. उन्हात ठेवला, गरम डब्याजवळ ठेवला की मजकूर गायब. जपून ठेवायच्या कागदासाठी शाईच्या रिबिनीवर आपटणारा जुना ठिपक्यांचा प्रिंटरच बरा, तो कार्बन लावून दुसरी प्रतही देतो. मालवाहतुकीच्या ऑफिसांतून त्याची करकर अजून ऐकू येते ती उगाच नाही.

"कागद कशाला, एसएमएस पाठवा" हाही सल्ला मिळाला. ज्याच्याकडे फोन आहे, ज्याचा नंबर नोंदलेला आहे आणि जो स्वतःच वाचतो, त्याला जरूर पाठवा. पण एसएमएसलाही हाच प्रश्न आहे, तो कुठल्या भाषेत? तिथेही साधा मजकूर म्हणजे इंग्रजी असं समजून चाललं तर मावशी पुन्हा माझ्या दारात, फक्त चिठ्ठीऐवजी हातात फोन.

आणखी एक गोष्ट मला या कामाने शिकवली. त्या पंचवीस पिनांच्या पोर्टावर बारा नंबरची पिन असते, कागद संपल्याचं सांगणारी. बहुतेक जण ती जोडतच नाहीत, कारण डेमोच्या दिवशी कागद संपत नाही. पण गाळ्यात संपतो. कागद नसताना यंत्राने नग मोजून बेरजेत टाकले आणि चिठ्ठी दिलीच नाही, तर हिशोब यंत्राकडे राहिला आणि माणूस रिकाम्या हाताने गेला. म्हणून आधी कागद आहे का बघायचं, नसेल तर दिवा लावून थांबायचं, चिठ्ठी बाहेर पडली की मगच मोजणी पुढे. सहा-सात ओळींचा कोड आहे. तो लिहायचा की नाही हे सिलॅबसमध्ये नसतं, ते लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं. यंत्र कुणाच्या बाजूने उभं आहे हे अशा सहा-सात ओळींतच ठरतं.

तेव्हा आमच्या स्टाफला एक नम्र विनंती. डिपार्टमेंटच्या स्टोअररूममध्ये जुने ठिपक्यांचे प्रिंटर धूळ खात पडले असतील तर ते भंगारात घालू नका. मायक्रोकंट्रोलरच्या लॅबमध्ये स्टेपर मोटर आणि ट्रॅफिक लाइटच्या जोडीला हा एक प्रयोग ठेवा : 'स्वतःचं नाव स्वतःच्या लिपीत छापणे'. मराठी, गुजराती, उर्दू, तामीळ, ज्याची जी असेल ती. एलसीडीत आपण स्वतःची आठ चिन्हं बनवून नाव काढतोच, त्याचीच ही थोरली पायरी. आणि मित्रांनो, तुम्हाला सांगायचं ते एवढंच, की पुढे तुमच्यापैकी कुणीतरी काटे बनवेल, कुणी मीटर, कुणी तिकिटाची यंत्रं. कंपनीत तुम्हाला कुणी विचारणार नाही की पावती कुठल्या भाषेत असावी. डिफॉल्ट इंग्रजी असेल आणि ते तसंच पुढे जाईल. त्या मीटिंगमध्ये "बसत नाही" असं कुणी म्हणालं तर निदान तुम्हाला ठाऊक असू दे की बसतं, १७९२ बाइटमध्ये बसतं.

पटलं तर एका सुट्टीत करून बघा, सर्किट आणि प्रोग्रॅम मी आनंदाने देईन. नाही पटलं तर रात्रीच्या जेवणाला मेसमध्ये या, वाद घालू. फक्त येताना कागदाचा एक रोल घेऊन या, आमचा संपत आलाय.